रिकव्हरी डिस्कने हिशेब पुसले, भरपाई मागता येईल का?

प्रश्न: मी सांगलीत विश्रामबागला घरूनच हळद व्यापाऱ्यांचे जमाखर्च लिहिते. लॅपटॉप सुरू होईना म्हणून दुरुस्तीला दिला, सोबत कंपनीची रिकव्हरी डिस्कही दिली. ‘आतला टॅलीचा डेटा जपा’ असा व्हॉट्सॲप मेसेजही केला होता. परत आला तो कोरा, वर पाचशे रुपयांत ‘फुल’ एमएस ऑफिस टाकलेलं. दुकानदार म्हणतो, डिस्क तुम्हीच दिलीत. पावतीवर ‘डेटाची जबाबदारी आमची नाही’ छापलंय. पोलिसांत जाऊ का?

उत्तर: ताई, आधी तो लॅपटॉप बंद करा आणि बंदच ठेवा. रिकव्हरी डिस्क मशीन कंपनीतून आलं तसं करते, पण जुन्या हार्ड डिस्कच्या ज्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं नाही, तिथले हिशेब अजून निघू शकतात. आज तुम्ही टॅली पुन्हा टाकलंत तर तीही जागा जाईल. डेटा काढून देणाऱ्याकडून लेखी अहवाल आणि बिल घ्या.

पोलिसांत जा असं मी सांगणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 66 खाली गुन्हा ठरायला लबाडीचा हेतू लागतो. इथे दिसतो तो हलगर्जीपणा, आणि त्याची दाद ग्राहक आयोगात लागते. अशी डिस्क चालवताना पडद्यावर सहसा सूचना येते की सगळा डेटा पुसला जाईल. तुमचा मेसेज फोनवर आलेला असताना दुकानदाराने पुढचं बटण दाबलं. तुमची सगळी केस त्या बटणावर उभी आहे. पावतीवरच्या छापील ओळीने ही चूक आपोआप माफ होत नाही. ज्यावरून मेसेज केला तो तुमचा फोन मात्र विकू नका. मेसेजच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे प्रिंट त्या फोनवरच्या मेसेजचीच असल्याचं, प्रमाणपत्र जोडावं लागेल.

‘या तर धंदा करतात, ग्राहक कसल्या?’ असं दुकानदार म्हणेल. घाबरू नका. पोटापाण्यासाठी स्वतः केलेलं काम 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतू धरत नाहीत. आधी स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस द्या, मग 2 वर्षांच्या आत जिल्हा आयोगात तक्रार. दुरुस्तीला दिलेली तुमची रक्कम लहान, म्हणून फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. भरपाई हिशेब पुन्हा लिहायला येणाऱ्या खर्चाच्या आसपासच मागा. उगाच लाखांचा आकडा टाकला की तक्रारीचं वजन जातं. बॅकअप ठेवला नव्हता तर तसं सरळ सांगा.

राहिलं ते पाचशेचं ऑफिस; ते चोरीचंच असणार. चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 63ब खाली 7 दिवस ते 3 वर्षं कैद आहे, आणि आता तुम्हाला ते कळलंय. हार्ड डिस्कची प्रत निघाली की त्याच दिवशी ते काढून टाका. पाचशेची पावती तेवढी जपा, ती तक्रारीला जोडायची आहे.