ट्रेलरचा पाटा सुटला आणि वॉरंटीही संपली

प्रश्न (पत्र थोडक्यात): आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. गेल्या वर्षी जानेवारीत दोन ॲक्सलचा नवा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेतला, वॉरंटी एक वर्षाची. ऑक्टोबरमध्ये उजवीकडचे टायर एका कडेने झिजलेले दिसले म्हणून डीलरकडे नेला. त्याने पाहिलं आणि 'टायरची अदलाबदल करून घ्या' एवढंच सांगितलं. यंदा मार्चमध्ये पुण्याहून आलेल्या आईबाबांना बिग बेंड नॅशनल पार्क दाखवून परतताना फोर्ट स्टॉकटनच्या अलीकडे मोठा आवाज झाला. उजवीकडचा शॅकल (पाटा अडकवणारी लोखंडी पट्टी) तुटून पाटा, म्हणजे चाकावरची कमानीसारखी स्प्रिंग, सुटला होता. टायर वर घासून चाकावरचा पत्रा आणि आतली जमीन फाटली. टोइंगचे ९०० डॉलर गेले, दुरुस्तीचा अंदाज ५,८०० डॉलर आहे. डीलर म्हणतो, ही नेहमीची झीज आहे, तुम्ही माल जास्त भरला असणार आणि वॉरंटी तर जानेवारीतच संपली. शेजारी म्हणतो, जाड शॅकल आणि ग्रीसचे बोल्ट बसव आणि विसरून जा. ट्रेलर परत देऊन पैसे मागता येतील का? जूनमध्ये यलोस्टोनला जायचं ठरलं आहे.

उत्तर: नमस्कार. तुमच्या पत्रात सगळं आहे, फक्त तुटलेला शॅकल आज कुठे आहे ते नाही. डीलरच्या वर्कशॉपमध्ये पडला असेल तर आजच फोन करा आणि पाठोपाठ ईमेल टाका: 'तुटलेले सगळे भाग, बोल्ट आणि बुश माझे आहेत, ते टाकू नयेत, मी घेऊन जाणार आहे.' आपल्याकडे गावात ट्रकचा तुटका कमानपाटा लोहाराकडे जातो आणि त्याचा कोयता होतो. तुमच्या तुकड्यावर मात्र अख्खी केस उभी आहे. भेगेच्या कडा जुन्या आणि गंजलेल्या आहेत की ताज्या, बोल्टचं भोक गोल राहिलंय की लांबट झालंय, बुश (बोल्टभोवतीची नळी) कितपत उरलंय, हे तो लोखंडाचा तुकडाच सांगेल. तुमच्या-माझ्या शब्दांनी ते सिद्ध होणार नाही.

आता डीलरच्या 'झीज' या शब्दाकडे येऊ. त्याचं अर्धं म्हणणं खरं आहे. दोन ॲक्सलच्या ट्रेलरला पुढचा आणि मागचा पाटा मध्ये इक्वलायझरने (दोन्हींत भार वाटणाऱ्या झुलत्या तुकड्याने) जोडलेला असतो आणि ही सगळी जोडणी शॅकलच्या पट्ट्यांवर लोंबकळते. बऱ्याच ट्रेलरना कारखान्यातून नायलॉनचे बुश येतात आणि बोल्टला ग्रीस घालायची सोय नसते. आखूड वळण घेताना चारही चाकं एका मार्गाने वळू शकत नाहीत, टायर आडवे घासतात आणि तो आडवा जोर थेट हँगर (पाटा चौकटीला धरून ठेवणारा आधार) आणि शॅकलवर येतो. बुश संपलं की लोखंडावर लोखंड घासतं, भोक लांबट होतं, ॲक्सल किंचित तिरका होतो आणि टायर एका कडेने झिजू लागतात. म्हणजे ऑक्टोबरमध्ये तुम्ही डीलरला दाखवलंत ते याच बिघाडाचं लक्षण असण्याची दाट शक्यता आहे. टायर हे फक्त दिसणारं टोक होतं.

बुश झिजणं ही झीज, हे मान्य. पण चौदा महिन्यांत बुशबरोबर शॅकलही गेला, तर प्रश्न झिजेचा राहत नाही. ही वस्तू तिच्या नेहमीच्या कामाला, म्हणजे टेक्ससच्या रस्त्यांवरून कुटुंबाचं सामान ओढून नेण्याला, लायक होती का, हा तो प्रश्न. टेक्ससच्या व्यापारी कायद्यात, कलम २.३१४ मध्ये, विक्रीबरोबर न लिहिताही येणारी गर्भित हमी नेमकी हीच आहे. शिवाय १९७५ पासून लागू असलेल्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार, लेखी वॉरंटी देणाऱ्या कंपनीला गर्भित हमी पूर्ण नाकारता येत नाही. 'मर्यादित' वॉरंटी असेल तर ती गर्भित हमीची मुदत मात्र लेखी वॉरंटीएवढी आखडू शकते. तुमच्या कागदावर तसं लिहिलेलं असणार, हे गृहीत धरून चाला.

म्हणूनच ऑक्टोबरची भेट सोन्याची आहे. वर्ष संपायच्या आत तुम्ही दोषाचं लक्षण दाखवलं होतं. त्या दिवशीची वर्क ऑर्डर शोधा. तिच्यात 'टायर असमान झिजले' एवढी एक ओळ असली तरी पुरे. कागद नसेल तर त्या दिवसाचे मेसेज, अपॉइंटमेंटचा ईमेल, मोबाइलमधले टायरचे फोटो, काहीही चालेल. तोंडी बोलण्यावर तीन वर्षांनी कोर्टात भांडणारे अशील मी बरेच पाहिले आहेत आणि डीलरचा माणूस तोवर नोकरी सोडून गेलेला असतो.

जास्त वजनाचा आरोप हवेत सोडू नका. ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढे लावलेल्या पट्टीवर एकूण वजनाची आणि प्रत्येक ॲक्सलची मर्यादा पौंडांत छापलेली असते. त्या सहलीत काय काय नेलं होतं त्याची यादी आत्ताच, आठवतंय तोवर, लिहून ठेवा. पाण्याच्या टाकीला विसरू नका: ४० गॅलन म्हणजे साधारण ३३० पौंड. दुरुस्तीनंतर तसाच भरलेला ट्रेलर ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर न्या आणि पावती घ्या. वजन मर्यादेत निघालं तर डीलरचं अर्धं तोंड बंद. जास्त निघालं तर ते मला, म्हणजे तुमच्या वकिलाला, आधी कळलेलं बरं.

पैसे परत मिळतील का? टेक्ससचा लेमन लॉ, म्हणजे सदोष नव्या वाहनांबद्दलचा कायदा, ओढून न्यायच्या ट्रेलरलाही लागू आहे. बऱ्याच राज्यांत तसं नाही, त्यामुळे इथे तुमचं नशीब चांगलं. पण परत घेण्याचा आदेश मिळायला एकच दोष दुरुस्तीसाठी वारंवार नेलेला असावा लागतो. जीवघेण्या दोषाच्या बाबतीत दोन प्रयत्नही पुरतात. तुमच्या बाबतीत डीलरने दुरुस्तीचा प्रयत्नच केला नाही, फक्त टायरकडे पाहिलं. त्यामुळे ट्रेलर परत करण्याच्या मागे लागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा दरवाजा मात्र उघडा आहे. वॉरंटीत असताना कळवलेला दोष मुदत संपल्यावरही दुरुस्त करून देण्याचा आदेश टेक्ससचा मोटर वाहन विभाग देऊ शकतो. लेमन लॉचा अर्ज वॉरंटी संपणं, २४ महिने किंवा २४,००० मैल यांपैकी जे आधी होईल त्यानंतर सहा महिन्यांत करावा लागतो. तुमची वॉरंटी जानेवारीत संपली, म्हणजे जुलै. अर्जाची फी ३५ डॉलर. त्याआधी उत्पादक कंपनीला लेखी कळवून दुरुस्तीची संधी द्यावी लागते, म्हणून नोटीस याच आठवड्यात गेली पाहिजे. डीलरला नाही, कंपनीला, पोच मिळेल अशा टपालाने.

शेजाऱ्याचा सल्ला मेकॅनिक म्हणून चांगला आहे, साक्षीदार म्हणून घातक. जाड शॅकल, ब्राँझचे बुश आणि ग्रीसचे बोल्ट जरूर बसवा. बाहेरचा सुटा भाग वापरला म्हणून वॉरंटी गेली, असं कंपनीला नुसतं म्हणता येत नाही. मॅग्नसन-मॉस कायद्यात तशी अट घालायलाच बंदी आहे. पण क्रम चुकवू नका: आधी चारही बाजूंचे फोटो, मग कंपनीला 'दहा दिवसांत येऊन पाहा' असं पत्र, मग दुरुस्ती. जुना प्रत्येक भाग वेगळ्या पिशवीत, वर तारीख आणि बाजू लिहून.

कंपनी बधली नाही तर ६,७०० डॉलरच्या मागणीसाठी मोठ्या वकिलाची गरज नाही. टेक्ससच्या जस्टिस कोर्टात २०,००० डॉलरपर्यंतचे दावे स्वतः चालवता येतात. वॉरंटीभंग हा टेक्ससच्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीही दाव्याचा विषय होतो, त्यासाठी ६० दिवस आधी लेखी नोटीस लागते. कंपनीच्या वॉरंटीत टोइंगसारखे खर्च वगळलेले असतील, त्यावर भांडण होईल. करारात लवादाचं कलम आहे का, हेही पाहून घ्या. असलं तर सगळा मार्गच बदलतो. तुटलेला शॅकल विमा कंपनी देणार नाही, पण फाटलेल्या जमिनीचं नुकसान पॉलिसीत बसतं का ते विचारा आणि उशीर न करता कळवा. राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाकडे तक्रार नोंदवायला पाच मिनिटं लागतात, वाहनाचा १७ अंकी क्रमांक जवळ ठेवा. अशाच तक्रारी साठल्या आणि कंपनीला ट्रेलर परत बोलवावे लागले, तर दुरुस्ती फुकट होते.

यलोस्टोनबद्दल. डावी बाजूही तशाच बुशवर, तेवढेच मैल धावली आहे. तिकडचे हँगर, शॅकल आणि चारही पाटे उघडून तपासल्याशिवाय ट्रेलर गल्लीच्या बाहेर काढू नका. एका बाजूचा भाग तुटलेला माहीत असताना निघालात आणि मागच्या गाडीत कोणाला इजा झाली, तर तिथे प्रतिवादी तुम्ही असाल. आणि त्यात तुमचंच नुकसान झालं तर तेही मिळायची मारामार: टेक्ससमध्ये स्वतःचा दोष ५० टक्क्यांहून जास्त ठरला की भरपाई शून्य. तपासणीचं बिल घ्या, त्यावर मेकॅनिकला प्रत्येक चाकाची स्थिती लिहायला सांगा आणि त्याची एक प्रत कंपनीच्या नोटिशीला जोडा. जून गाठता आला नाही तर आईबाबांना विमानाने न्या.