वसंतात तुमच्या घरच्या बागेत काय काय बदलतं, आणि त्यातून तुम्ही काय शिकलात?

मी शिकलो ते एवढंच की या दिवसांत बागेकडे बघायचं भरपूर आणि हात लावायचा कमी. कारण वसंतात जे बिघडल्यासारखं दिसतं, त्यातलं बरंचसं बिघडलेलं नसतं.

पिवळी पानंच घ्या. शेंड्याला पालवी फुटायला लागली की तळाची जुनी पानं पिवळी पडून गळतात आणि आपण लगेच खताची पिशवी उघडतो. खरं तर झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या कोंबांकडे पाठवत असतं. म्हणून पिवळेपणा कुठे आहे ते आधी पाहावं. तळाची चार-दोन पानंच पिवळी असतील तर सोडून द्या. पिवळेपणा वर सरकत चालला तर मात्र खताचा विचार करा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसलं तर बहुधा लोह कमी पडतंय. तेही अनेकदा मातीत असतं, पण माती सतत ओली किंवा चुनखडीची असली की मुळांना ते घेता येत नाही. तिथे खत ओतून काय होणार? आधी पाणी आवरा.

दुसरी गोष्ट माव्याची, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीची, आणि खरी गंमत इथेच आहे. कोवळे शेंडे आले की मावा आलाच. जास्वंदीच्या आणि गुलाबाच्या कळ्यांखाली तर हमखास. हवा उबदार असली की माद्या नराशिवायच थेट पिल्लं घालतात, म्हणून बघता बघता देठ भरून जातो. जोडीला मुंग्या असतात. माव्याचा गोड चिकटा मिळतो म्हणून त्या त्याची राखण करतात. नत्राचं खत जास्त झालं तर शेंडे आणखी लुसलुशीत होतात आणि माव्याचं फावतं.

पण फवारणीआधी भिंग घेऊन पानाची खालची बाजू पाहा. पिवळी, उभी, घोळक्याने चिकटलेली अंडी दिसली तर ती बहुधा ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची. त्याची अळी काळपट, लांबट, केशरी ठिपक्यांची असते. दिसायला इतकी भयंकर की पुष्कळ जण तिलाच शत्रू समजून चिरडतात, आणि ती तर मावा खात असते! माव्यातच काही फुगलेले, तपकिरी, कागदासारखे कोरडे दाणे दिसले तर तेही शुभचिन्ह: त्यांच्या पोटात गांधीलमाशीच्या जातीतल्या एका चिमुकल्या कीटकाची अळी वाढते आणि शेवटी पाठीला गोल भोक पाडून प्रौढ कीटक बाहेर येतो. हे मित्र माव्याच्या थोडे मागून येतात. या मधल्या काळात औषध मारलं की तेही मरतात, आणि मावा मात्र त्यांच्याआधी परततो. मी तोवर पाण्याच्या जोरदार धारेने शेंडे धुतो, बस्स.

छाटणीचं थोडक्यात: जास्वंद, गुलाब, मोगरा नव्या फुटीवर फुलतात, म्हणून फूट येण्याआधीच कापा. मागच्या वर्षीच्या फांदीवर फुलणारी झाडं फुलून गेल्यावर.

कुंडी बदलायची तर मुळं गोल गोल गुंडाळलेली दिसली तरच, आणि एकच माप मोठी घ्या. फार मोठ्या कुंडीत मुळं न पोचलेली माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात.