अन्नाच्या वाहतुकीचा पर्यावरणावर होणारा परिणाम मुलांना कसा शिकवावा?

मी नागपुरात आठवीला विज्ञान शिकवते. तुम्ही लिहिलंय की तक्ते दाखवूनही मुलांना हा विषय परका वाटतो. मी तर सरळ गणितच करायला लावते.

आदल्या दिवशी मुलांना नेहमीच्या फळवाल्याकडे पाठवा. संत्री काटोलची, कांदा नाशिकचा, सफरचंद काश्मीरचं, हे तो सांगतोच. पेटीवरही बरेचदा छापलेलं असतं. मग फळ्यावर हिशोब मांडा. काश्मीर ते नागपूर धरा २००० किलोमीटर. दहा टन माल भरलेला ट्रक लिटरला ४ किलोमीटर धावला, तर ५०० लिटर डिझेल लागलं. एक लिटर डिझेल जळून साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. एकूण १३५० किलो, म्हणजे किलोभर सफरचंदामागे १३५ ग्रॅम.

आता तेच सफरचंद घरी कसं आलं ते विचारा. लिटरला ४५ किलोमीटर देणारी स्कूटर किलोमीटरला ५० ग्रॅम सोडते. फक्त एक किलो फळांसाठी जाऊन-येऊन ३ किलोमीटर फिरलात, तर १५० ग्रॅम!

इथे वर्गात गलका होतो, तो होऊ द्या. ट्रक रिकामा परतला तर? स्कूटरवर आठवड्याची भाजी एकदमच आणली तर? रेल्वेने आलं तर? ऑक्टोबर २०२० मध्ये नागपुरी संत्री किसान रेलने दिल्लीला गेली होती, ते उदाहरण जरूर द्या. एक टन माल तेवढ्याच अंतरावर न्यायला रेल्वेला ट्रकपेक्षा बरंच कमी इंधन लागतं. विमानाला मात्र जहाजाच्या जवळपास पन्नासपट.

‘जवळचं तेच चांगलं’ एवढंच शिकवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. भंडाऱ्याचा तांदूळ आपल्याकडे तासा-दीड तासात पोचतो, पण धानाच्या बांधीत पाणी साचून मिथेन हा हवा तापवणारा वायू तयार होतो, त्याचा भार वाहतुकीपेक्षा खूप जास्त. २०१८ च्या एका मोठ्या जागतिक अभ्यासात अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा फक्त ६ टक्क्यांच्या आसपास निघाला होता. मुलांना हेही कळायला हवं.

वेळ उरला तर नासाडी घ्या. मे महिन्याच्या उन्हात क्रेटमधले किती टमाटर फेकावे लागतात, हे भाजीवाल्याला विचारून यायला सांगा, आणि किलोमागचा आकडा काढताना भागाकारात भरलेल्या मालाऐवजी विकलेला माल घ्या.