गावच्या जि. प. शाळेसाठी माजी विद्यार्थ्यांनी २ लाख जमवलेत. स्मार्ट बोर्ड घ्यावा का? व्हिडिओने मुलं खरंच शिकतात का?

पट २८, शाळा द्विशिक्षकी, दिवसा वीज जाते, असं तुम्ही कळवलंय. मग स्मार्ट बोर्ड, म्हणजे बोटाने चालणारा इंटरॲक्टिव्ह पॅनल, घेऊ नका. २ लाख एका वस्तूत घालवायचे आणि तिच्या आतलं एक सर्किट जळलं की दुरुस्तीसाठी जिल्ह्याच्या गावी हेलपाटे घालायचे, हे मी शाळाशाळांतून पाहत आलोय. देणगीदाराला नावाची पाटी हवी असते. ती पॅनलवर लागते, वीजबिलावर लागत नाही. सगळा घोळ तिथेच होतो.

२८ मुलांना ५५ इंची साधा टीव्ही पुरतो. पडद्याच्या उंचीच्या सहापट अंतरापर्यंत अक्षर नीट वाचता येतं. ५५ इंची पडदा साधारण ६८ सेंमी उंच, म्हणजे शेवटची रांग ४ मीटरच्या आत बसवा. टीव्ही खिडकीसमोर लावू नका, चकाकी येते. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसात टीव्हीचा आवाज ऐकूच येत नाही, म्हणून वेगळे स्पीकर हवेतच.

खरं दुखणं विजेचं. टीव्ही आणि स्पीकर मिळून १४० वॅटच्या आसपास घेतात. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेची बॅटरी निम्मीच वापरली तरी पाचेक तास निघतात, शाळेला तेवढे पुष्कळ. पण ही बॅटरी मरते ती उन्हाळ्याच्या सुट्टीत. जाताना मेन स्विच पाडतात, इन्व्हर्टर मात्र चालूच राहतो आणि थोडीथोडी वीज ओढत बॅटरी रिकामी करतो. रिकामी बॅटरी महिनाभर पडली की शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि जूनमध्ये ती चार्जच धरत नाही. मग ‘माल निकृष्ट होता’ म्हणून पुरवठादाराशी भांडण. सुट्टीआधी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, बॅटरी पूर्ण चार्ज करा, इन्व्हर्टर बंद करा आणि निगेटिव्ह वायर सोडवून ठेवा. वळिवाच्या विजा असतात, टीव्हीचा प्लगही काढा. अर्थिंग नसेल तर आधी ते करा.

साधारण हिशोब असा: टीव्ही ४५ हजार, इन्व्हर्टर-बॅटरी २५, वायरिंग-अर्थिंग ८, स्पीकर ५, कुलपाचं लोखंडी कपाट ७. झाले ९० हजार. २० हजारांची गोष्टींची पुस्तकं घ्या. उरलेले ९० हजार शाळा व्यवस्थापन समितीच्या नावे बँकेत ठेवा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान ३० पटापर्यंत वर्षाला १० हजार. त्यात स्वच्छता, खडू, किरकोळ दुरुस्ती आणि वीजबिल. बिलातला स्थिर आकार तर शाळा बंद असतानाही लागतो. चार-पाच वर्षांनी नवी बॅटरी कुठून आणणार?

इंटरनेटवर विसंबू नका. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे पाठ आधीच डाउनलोड करून ठेवता येतात. पेन ड्राइव्हवर स्वतःच्या फाइली टाकायच्या तर व्हिडिओ एमपी४, एच.२६४, ७२०पी अशा स्वरूपात ठेवा. एच.२६५ हे नवं स्वरूप जुन्या टीव्हीवर नुसता आवाज देतं. नावात इयत्ता-विषय-धडा द्या आणि आकडे ०१, ०२ असे, नाहीतर १ नंतर थेट १० येतो.

आता मुलं शिकतात का? सलग २५ मिनिटं लावून दिलं तर नाही. सहा-सात मिनिटांचा तुकडा घ्या, तीनदा थांबवा. अपूर्णांकाच्या पाठात भाकरीचे चार भाग झाले की तिथेच थांबवून विचारा, एक तुकडा उचलला तर उरलं किती? वहीत लिहू द्या, मग पुढे. घरी पावरी, गोंडी, वारली बोलणारी मुलं असतील तर आवाज बंद करून त्यांनाच सांगू द्या काय चाललंय ते. दुसरीला व्हिडिओवर बसवून चौथीला शिकवायचं, हे फक्त दुसरीच्या हातात स्वाध्यायपत्रिका असेल तरच.

उपकरणं पडून राहिली की ‘शिक्षकच वापरत नाहीत’ म्हणतात, ते पालुपद मला मान्य नाही. पेरू देशाने आठ लाखांवर लॅपटॉप वाटले. २०१२च्या मूल्यमापनात गणित-भाषेत फरक दिसला नाही. वस्तू वाटणं म्हणजे शिकवणं नव्हे. बिल थकून वीज तोडलेल्या खोलीतला पॅनल कुठला शिक्षक वापरेल? शाळांसाठी शैक्षणिक व्हिडिओ बनवणारी पुण्याची बालचित्रवाणी ही संस्था १९८४ साली उभी राहिली आणि २०१७ मध्ये बंद झाली. ती काही शिक्षकांनी बंद पाडली नाही.

हे सगळं छोट्या शाळेसाठी. वर्गात साठ मुलं आणि अंधार करता येणारी खोली असेल तर प्रोजेक्टरचा विचार करा. आणि तिसरीतल्या मुलांना वाचताच येत नसेल तर टीव्ही थांबवा, आधी पुस्तकं आणा.

समितीच्या ठरावात एवढं लिहून घ्या: रक्कम कोणत्या खात्यात, बिल कोण भरणार, सुट्टीत कपाटाची किल्ली कोणाकडे. वस्तूची डेडस्टॉकला (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) नोंद त्याच दिवशी करा.