कारपूलिंगचं ॲप केलंय, पण लोक टिकत नाहीत

प्रश्न: मी कर्वेनगरला राहतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हिंजवडीला जाणाऱ्या गाड्यांत बहुतेक वेळा एकटाच माणूस दिसतो, म्हणून आम्ही तिघं मित्र मिळून कारपूलिंगचं ॲप करतोय. जवळचे लोक शोधून देणं जमलंय, पण टेस्टिंगला घेतलेले पुण्यातले पंचवीसेक जण दोन-तीन दिवसांत वापरायचं सोडून देतात. काय चुकतंय? आणि पैसे घेतले तर चालतात का?

उत्तर: 'जवळचे' म्हणताय ना, तिथंच ग्यानबाची मेख आहे. नकाशावर सरळ रेघ मारून अंतर काढलंत तर कर्वेनगरच्या माणसाला विठ्ठलवाडीचा माणूस अगदी शेजारी दिसणार, पण मधे मुठा आहे, राजाराम पुलावरून वळसा घालून त्याला घ्यायला सकाळी नऊला कोण जाणार? हायवेचंही तेच, पलीकडच्या सर्व्हिस रोडला उभा असलेला माणूस जवळ असून लांबच. त्यामुळे अंतर सोडा, गाडीवाल्याला किती मिनिटं जास्त लागतील ते काढा. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा डेटा फुकट आहे, त्यावर ओएसआरएम हे रस्ता शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं की रस्त्याप्रमाणे वेळ मिळतो, फक्त त्यात त्या क्षणाचं ट्रॅफिक नसतं, तेव्हा दोन-चार सकाळी स्वतः गाडीत बसून वेळ मोजाच.

दुसरं म्हणजे पंचवीस माणसं अख्ख्या पुण्यात पसरली तर कुणाचंच कुणाशी जुळत नाही. सगळं शहर नको, एकच रस्ता घ्या, कर्वेनगर, वारजे, चांदणी चौक, हिंजवडी, आणि निघायची वेळ आठ ते साडेआठ.

मी स्वतः दोन वर्षं वारज्याहून असा जायचो, आम्ही चौघं. घरून कुणालाच घ्यायचं नाही, सगळ्यांनी ८:१० ला पुलाखाली उभं राहायचं, पाच मिनिटांच्या वर थांबायचं नाही. सकाळ कधीच अडली नाही, अडायची ती संध्याकाळ, कारण कुणाचा तरी कॉल लांबायचा. परतीची खात्री नसली की माणूस दुसऱ्या दिवशी गपचूप स्वतःची टू-व्हीलर काढतो! तुमचे लोक इथंच गळत असतील असं मला वाटतं, सोडून गेलेल्यांना फोन करून विचारा. परतीला सकाळचीच गाडी हवी असं नाही, त्या रस्त्याची कुठलीही मेंबर गाडी चालू दे.

पैशांचं जपून. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत भाडं घेऊन माणसं नेणं १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात बसत नाही, त्याला परमिट लागतं. ॲपवरून गाड्या जुळवून देणाऱ्या कंपन्यांसाठीच्या केंद्राच्या २०२० च्या गाईडलाईन्समध्ये खासगी गाड्यांच्या पूलिंगला जागा होती, शहरात दिवसाला चारच फेऱ्या, पण २०२५ मध्ये नव्या गाईडलाईन्स आल्यात, त्या आणि राज्याचे नियम वाचल्याशिवाय ॲपमध्ये पेमेंटचं बटण टाकूच नका.

आणि हो, घराचा नेमका पत्ता कुणालाही दाखवू नका, मुलींच्या बाबतीत तर अजिबातच नाही. भेटायची जागा पूल, चौक किंवा बसस्टॉप हीच ठेवा.