त्रास काहीच नाही, तरी पिशवी काढायची का?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 44. हेल्थ चेकअपमधे सोनोग्राफी झाली आणि त्यात गाठी निघाल्या. रिपोर्टमधे लिहिलंय की गर्भाशयाच्या मागच्या भिंतीत 58 बाय 52 एमएमचा इंट्राम्युरल फायब्रॉइड आहे आणि अजून दोन बारीक आहेत. मला खरंच काही त्रास नाही, पाळी वेळेवर येते, पोट दुखत नाही. पण जिथे दाखवलं तिथे म्हणाले पिशवीच काढून टाका, मुलं झालीत ना, आता ठेवून करायचंय काय, उद्या गाठ वाढली, कॅन्सर झाला तर? सासूबाई म्हणतात करून टाक एकदाचं, नवरा म्हणतो तू ठरव. मला रात्र रात्र झोप नाही. काय करू?

उत्तर : ताई, झोप उडवलीय ती कॅन्सर या शब्दाने, म्हणून आधी त्याचंच बोलते. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूचीच गाठ, ती कॅन्सरची नसते. पन्नाशीपर्यंत बहुतेक बायकांच्या गर्भाशयात अशी एखादी तरी असते आणि कितीतरी जणींना ते कधी कळतही नाही कारण सोनोग्राफी करायची वेळच येत नाही. सार्कोमा नावाचा जो कॅन्सर आहे तो फार दुर्मिळ, आणि तो बहुतेक वेळा वेगळाच उगवतो, साध्या फायब्रॉइडचा बनत नाही. आता सोनोग्राफी बघून शंभर टक्के खात्री देता येत नाही हेही खरं, त्यामुळे पाळी कायमची गेल्यावर गाठ वाढायला लागली किंवा तेव्हा अंगावरून रक्त जायला लागलं तर मी कुणालाच थांबू देणार नाही. पण 44 व्या वर्षी, पाळी चालू असताना, एका सोनोग्राफीत गाठ दिसली एवढ्यावरून कॅन्सरच्या भीतीने पिशवी काढणं मला मुळीच पटत नाही.

आता तुमचं ते "काही त्रास नाही". ते मी तसंच मान्य करणार नाही, रागावू नका. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, त्याही हेच म्हणाल्या, पाळी एकदम नॉर्मल. मग खोदून खोदून विचारलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रात्री दोनदा उठून पॅड बदलतात, गादीवर जाड टॉवेल घालून झोपतात, गुठळ्या पडतात, आणि हे सगळं पहिल्यापासूनच असं म्हणून त्यांना तो त्रास वाटतच नव्हता. हिमोग्लोबिन निघालं 8! जिना चढताना धाप लागायची ती वयामुळे असं त्यांनी धरून चाललं होतं. म्हणून तुम्ही स्वतःला नीट विचारा, पाळी आठ दिवसांच्या वर चालते का, तासा-दोन तासाला पॅड भिजतो का, लघवीला सारखं जावं लागतं का, पोट साफ होत नाही का, संबंधांच्या वेळी दुखतं का, आणि हिमोग्लोबिन करून घ्या, ते 12 च्या खाली असेल तर तुमचा "त्रास नाही" आपल्याला परत तपासावा लागेल. अजून एक, मोठी गाठ कधी कधी किडनीतून येणाऱ्या लघवीच्या नळीवर दाबते आणि हे अगदी गुपचूप होतं, काही म्हणता काही जाणवत नाही. तुमच्या मापाच्या गाठीत सहसा होत नाही, पण पुढच्या सोनोग्राफीत किडनीला सूज आहे का तेवढं बघायला सांगा.

हे सगळं ठीक निघालं तर आत्ता ऑपरेशन नको, असं माझं स्पष्ट मत आहे. सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी, तशीच राहिली तर मग वर्षाने एकदा, शक्यतो त्याच ठिकाणी. माप चार-पाच मिलिमीटर इकडे तिकडे झालं तर घाबरायचं नाही, मशीन बदललं की किंवा मोजणारा माणूस बदलला की तेवढा फरक पडतोच. गाठ वाढली तरी लगेच कॅन्सर समजू नका, पाळी चालू असेपर्यंत वाढू शकते, एकाच बाईच्या एका गाठीची वाढ होते आणि शेजारची आपोआप लहान होते असंही दिसतं. या गाठी हार्मोन्सवर पोसतात, पाळी गेली की बहुतेक आकसतात. तुमच्या वयाला हा मोठा मुद्दा आहे, थांबण्यात फायदा आहे.

पूर्वी असं होतं की पिशवी 12 आठवड्यांच्या गरोदरपणाएवढी झाली की काढायची. का, तर एवढ्या मोठ्या पिशवीमागे बीजकोश (ओव्हरी) हाताने तपासता येत नसत आणि तिथलं काही सुटून जाईल ही भीती. सोनोग्राफी आल्यावर ते कारणच संपलं तरी नियम अजून बऱ्याच जणांच्या तोंडात आहे.

आणि "मुलं झाली आता पिशवीचं काय काम" हे वाक्य ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. ऑपरेशन म्हणजे भूल आली, रक्तस्राव आला, इन्फेक्शन आलं, क्वचित मूत्राशयाला किंवा लघवीच्या नळीला इजा होते. बीजकोश ठेवले तरी काही जणींचे ते लवकर थकतात आणि त्याच भरात बीजकोशही काढले तर दुसऱ्या दिवसापासून मेनोपॉज, मग हाडं आणि हृदय दोन्हीवर परिणाम. खूप रक्त जाणाऱ्या बाईला हेच ऑपरेशन नवं आयुष्य देतं, तिला मी स्वतः सांगते की करा. तुम्हाला त्यातून मिळणार काय ते मला दिसत नाही.

पुढे कधी त्रास सुरू झालाच तर पिशवी काढणं हा एकच रस्ता नसतो, गोळ्या आहेत, हार्मोनची कॉपर-टीसारखी बसवायची कॉइल आहे, फक्त गाठ काढता येते, गाठीचा रक्तपुरवठा बंद करता येतो. पण तेव्हाचं तेव्हा. आत्ता सेकंड ओपिनियन घ्या, आणि तिथे सरळ विचारा, "मी वर्षभर थांबले तर माझं नेमकं काय बिघडेल?" उत्तर तुमच्या रिपोर्टवर बोट ठेवून मिळालं पाहिजे, नुसतं "रिस्क कशाला घेता" हे उत्तर नाही. सासूबाईंना तुमच्याबरोबर घेऊन जा, त्यांचीही काळजीच आहे, त्यांच्या कानांनी ऐकलं तर घरातला अर्धा ताण जाईल.

प्रश्न : मी 31 वर्षांची आहे, आम्ही बाळासाठी प्रयत्न सुरू करतोय. 3 सेंटीमीटरचा सबसिरोसल फायब्रॉइड निघाला. मावसबहीण म्हणते आधी गाठ काढ, मग चान्स घे. त्रास काही नाही.

उत्तर : नको. गाठ किती मोठी याच्याइतकंच, कुठे आहे हे महत्त्वाचं. तुमची बाहेरच्या बाजूला आहे, गर्भ जिथे रुजतो त्या अस्तरापासून लांब, त्यामुळे दिवस राहायला तिची अडचण सहसा होत नाही. हीच गाठ आत, अस्तराखाली असती तर मी वेगळं सांगितलं असतं, कारण तिथली छोटी गाठही गर्भ रुजायला अडथळा आणू शकते, आणि ती बऱ्याचदा पोटावर छेद न घेता खालून दुर्बिणीने काढता येते. तुमची काढायची म्हणजे गर्भाशयावर टाके, ते भरेपर्यंत काही महिने थांबा, आतले अवयव एकमेकांना चिकटण्याची शक्यता आणि छेद खोल गेला तर पुढे सिझेरियन, एवढं सगळं अंगावर घ्यायचं कारणच नाही. फॉलिक ॲसिड सुरू करा आणि प्रयत्न सुरू करा. दिवस राहिले की पहिल्याच व्हिजिटला गाठीचं सांगा, गरोदरपणात कधी कधी गाठ दुखते, बहुतेक वेळा आराम आणि डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामकाने भागतं. रिपोर्टमधे एक गोष्ट मात्र बघा, "पेडंक्युलेटेड" असं लिहिलंय का, म्हणजे गाठ देठाला लटकलेली. अशी गाठ क्वचित पिळली जाते, पोटात एकदम असह्य कळ येते, उलट्या होतात, तसं झालं तर घरी गोळी घेऊन बघत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.