मेलबर्न बघायला जायचंय, पण बाळाचं काय?

"मॅडम, याला बरोबर न्यावं की आजीकडे ठेवावं?"

परदेशी कायमचं जायचं घाटतंय, त्याआधी एकदा जाऊन बघून यायचं आणि घरात दीड-दोन वर्षांचं मूल. हा प्रश्न घेऊन वर्षाकाठी चार-पाच जोडपी तरी माझ्याकडे समुपदेशनाला येतात. मे महिन्यात आलेल्या एका जोडप्याची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

राहायला ठाण्यात, घोडबंदर रोडला. माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून नौपाड्यात माझ्या खोलीवर पोचेपर्यंत तिघंही घामाघूम. बंड्या (हे घरातलं नाव) बावीस महिन्यांचा. आल्या आल्या त्याने दाराजवळच्या चपलांचा ताबा घेतला आणि एकेक चप्पल आणून बाबांच्या मांडीवर ठेवायला लागला.

त्यांना ऑस्ट्रेलियाची पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा व्हिसा, मिळाली होती. त्या व्हिसावर 'अमुक तारखेच्या आत पहिला प्रवेश करा' अशी अट असते आणि ती व्हिसात नाव असलेल्या प्रत्येकाला लागू असते, बंड्यालाही. म्हणून लोक आधी एक व्हॅलिडेशन ट्रिप करून येतात आणि बिऱ्हाड नंतर हलवतात. ये-जा करायला व्हिसा मिळाल्यापासून पाच वर्षं असतात. म्हणजे आजीकडे ठेवायचा प्रश्न कागदोपत्री कधीच निकालात निघाला होता. तरी दोघं महिनाभर त्यावरूनच भांडत होती. माझे कान तिथेच टवकारायला हवे होते. मी मात्र सरळ प्रवासाच्या नियोजनात शिरले.

बाबांनी एक्सेलची प्रिंट आणली होती. जुलैचे सोळा दिवस, रंगीत रकाने. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मेलबर्नच्या टार्नीट उपनगरात भाड्याचं घर, एकला पॉइंट कुक उपनगरात दुसरं, चारला मित्राच्या मित्राची भेट, रात्री साडेआठला 'बंड्या झोप'. मी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक वेळेशेजारी ठाण्याची वेळ लिहीत गेले. तिकडच्या हिवाळ्यात मेलबर्न आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असतं. सकाळचे दहा म्हणजे बंड्याच्या अंगातल्या घड्याळात पहाटेचे साडेपाच. आणि रात्री साडेआठ म्हणजे दुपारचे चार, नुकताच झोपून उठलेला.

"हा रडेल तेव्हा मेलबर्न आवडलं नाही म्हणून रडणार नाही," मी म्हटलं. "त्याची झोप मोडलेली असेल."

अंगातलं घड्याळ साधारण दिवसाला तासभर सरकतं. म्हणून पहिले चार-पाच दिवस कोरे ठेवायला सांगितले: सकाळी उन्हात बाग, दुपारी घर, बस्स. तिथे भाड्याची घरं ठरलेल्या वेळी, थोड्या मिनिटांपुरतीच दाखवतात. तिथे एकाने जावं, दुसऱ्याने बाळाची झोप सांभाळावी. सात वर्षांखालच्या मुलाला गाडीत कार सीट लागते आणि ती त्यांच्याच मानकाची हवी, इथून नेलेली चालत नाही, तेव्हा गाडीबरोबरच भाड्याने घ्या. मेतकूट, नाचणीचं सत्त्व न्यायचं असेल तर विमानातल्या कार्डावर 'हो' अशी खूण करा. फार तर काढून घेतील. लपवलंत तर दंड. आणि बंड्या जुलैच्या मध्यावर दोन वर्षांचा होणार, म्हणजे परतीला त्याला मांडीवरचं तिकीट चालणार नाही, पूर्ण सीट घ्यावी लागेल. हे बाबांच्या एक्सेलमध्ये नव्हतं. दौरा जूनमध्ये आला तो असा.

एवढं सगळं होऊनही आई गप्पच होती.

तेव्हा मी त्यांना १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगितला. वर्षाच्या आसपासची बाळं काचेच्या टेबलावर सोडली होती. मध्येच काचेखाली फूटभर खोल खड्डा दिसेल अशी मांडणी, पलीकडे आई. आईने हसरा चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळं काचेवरून पलीकडे गेली. घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही.

ती पहिल्यांदाच बोलली. "मॅडम, माझा चेहरा आत्ताच खड्ड्यासारखा झालाय."

मग मी दोघांना एकेक कोरा कागद दिला. एकमेकांचं न बघता लिहा: तिकडे काय दिसलं तर तुम्ही म्हणाल, 'नको, आपलं ठाणंच बरं'? तिचा कागद पाच मिनिटांत भरला. डे केअर परवडलं नाही तर. ऐरोलीची नोकरी सोडल्यावर तिकडे लवकर काही मिळालं नाही तर. शेवटी, अक्षर बारीक करून, 'दिवसभर बोलायला माणूस नसेल तर.'

त्याचा कागद कोरा. "तसं काही नाही मॅडम. पीआर मिळालीय ना."

तो गृहप्रवेशाच्या तयारीला निघाला होता आणि ती अजून घर बघायला. बंड्याला न्यायचं की नाही, हे भांडण त्या दोघांना सोयीचं पडत होतं, कारण खरा प्रश्न काढला असता तर पीआरचीच चर्चा झाली असती. अशा वेळी मूल मध्ये घालणारी माणसं वाईट नसतात. दमलेली असतात.

दौऱ्यात मी दोनच गोष्टींचा आग्रह धरला. एक, डे केअर प्रत्यक्ष बघायचं, प्रतीक्षायादी विचारायची आणि बंड्याचं लसीकरण कार्ड बरोबर ठेवायचं. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात २०१६ पासून वयानुसार लसी पूर्ण झाल्याचा दाखला नसेल तर पाळणाघरात प्रवेश मिळत नाही, डॉक्टरांनी सूट दिली असेल तर गोष्ट वेगळी. फी सरकारी सबसिडीआधी दिवसाला शंभर डॉलरच्या वर जाते. तो आकडा तिने आपल्या डोळ्यांनी बघावा आणि त्यानेही.

दुसरी गोष्ट, 'ऑफिसचे दिवस'. दुसऱ्या आठवड्यात एक अख्खा दिवस बाबा सकाळी आठला घराबाहेर पडणार, संध्याकाळी सहाला येणार. आई आणि बंड्या एकटे. किराणा, बाग, पालिकेच्या लायब्ररीतला छोट्यांच्या गाण्यागोष्टींचा तास, काय करायचं ते तिने ठरवायचं. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. बाबांना हे जरा पोरकट वाटलं. "दोन दिवस वाया जातील." मी म्हटलं, जाऊ देत. प्रेक्षणीय स्थळं पुढे आयुष्यभर आहेत.

जुलैत परत आले तेव्हा ठाण्यात धो धो पाऊस. बंड्या कोणतीही लांब गाडी दिसली की 'टॅम' (ट्राम) म्हणतो, आमच्या गल्लीतल्या टीएमटीच्या बसलासुद्धा. जायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही. तिचा दिवस तिच्या अपेक्षेपेक्षा बरा गेला होता. लायब्ररीत एक पंजाबी आजी भेटल्या, त्यांनी बंड्याला बिस्किट दिलं आणि हिला फोन नंबर. डे केअरच्या फीचा हिशोब मात्र अजून जुळत नाही, तो ती रोज वेगळ्या पद्धतीने मांडून बघते.

त्याचा दिवस त्याने आपणहून सांगितला, चपला हातात घेऊन उभ्या लेकाकडे बघत. पाऊस होता म्हणून बागेत जाता आलं नाही. बंड्या दुपारी झोपलाच नाही. हीटरसमोर कपडे वाळत घातले. पाच वाजून दहा मिनिटांनी बाहेर बघतो तर अंधारून आलेलं, आणि सकाळपासून तो कुणाशीही एक वाक्य बोललेला नव्हता. म्हणून स्वतःच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. ठाण्यात तेव्हा पाऊण वाजत आला होता, आई नुकती जेवायला बसली होती.

"तिने विचारलं, एवढ्यात दिवे का लावलेस रे?"